पडलेली फांदी

आमच्या खळ्याच्या कडेला एक जुना रायवळ आंबा आहे. जमिनीपासून पाच-साडेपाच फुटांवर त्याला बेचकं फुटतं आणि त्याच्या जरासं खाली, पूर्वेच्या अंगाला, सीतेची वेणी आहे, म्हणजे एक आमरी, ऑर्किड. मे सरत आला, मिरगाला आठ-पंधरा दिवस उरले, की ती फुलते. दीड वीत लांबीचा गजरा खाली लोंबतो. पांढऱ्या पाकळ्यांवर गुलाबी-जांभळे ठिपके, एकेका गजऱ्यात शंभरावर फुलं. वाटेने जाणारे बेड्याशी थांबतात, आत येतात, फोटो काढतात आणि विचारतात, "सर, ही जंगलातली वस्तू तुम्ही घराकडे जगवलीत कशी?"

ते मी आनंदाने सांगतो. ऊन कुठलं, सावली कुठली, पाणी कधी द्यायचं आणि कधी हात आवरायचा, सगळं. त्यात काही लपवत नाही. पण त्यानंतर बहुतेक जण आणखी एक प्रश्न विचारतात, "आणलीत कुठून?" त्याचं माझं उत्तर ठरलेलं होतं, "घाटात पडलेल्या फांदीवर मिळाली."

पंधरा वर्षं मी हे उत्तर देत आलो. घाटात फांदी पडलेली नव्हती.

मी सिंधुदुर्गातल्या एका माध्यमिक शाळेत २८ वर्षं विज्ञान शिकवलं. गावात 'सरांनी सांगितलं' या शब्दांना वजन असतं. ते वजन मी एका खोट्या वाक्यामागे उभं केलं. हे आता लिहून काही धुऊन निघणार नाही, हे मला कळतं. पण जे शंभर जणांना तोंडी खोटं सांगितलं, ते एकदा लेखी खरं सांगणं मी लागतो.

२००९चा मे महिना. आजऱ्याकडचं एक लग्न आटोपून मी आणि पत्नी स्कूटरवरून परत येत होतो. आंबोलीचा घाट सुरू व्हायच्या आधी एका वळणावर जांभळाच्या झाडाला सीतेची वेणी फुललेली दिसली. हात पोचेल इतकी खाली. वनखात्याचा हद्दीचा दगड तिथून वीस पावलांवर होता आणि झाड त्याच्या आतल्या बाजूला होतं. मी गाडी थांबवली. आधी नुसतं बघितलं. मग डिकीतला स्क्रू-ड्रायव्हर काढला.

सीतेच्या वेणीची मुळं जमिनीत जात नाहीत. करंगळीच्या निम्म्या जाडीची, चंदेरी-पांढरी मुळं सालीवर अशी चिकटतात की साल कुठे संपली आणि मूळ कुठे सुरू झालं ते बोटाला कळत नाही. मी मुळाखाली स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायला लागलो. पहिलं मूळ मध्येच तुटलं. दुसरं सालीचा कपचा घेऊन सुटलं. ओली साल फाटताना जुनं कापड फाटावं तसा आवाज येतो. दहा मिनिटं लागली असतील. खाली जांभळाच्या खोडावर तळहाताएवढी लालसर जागा उघडी पडली.

त्या दहा मिनिटांतली एक गोष्ट मला नीट आठवते. हात झाडावर होते आणि नजर रस्त्यावर. कुणी येतंय का, हे मी सारखं बघत होतो. पुढे मी स्वतःला कितीही समजावलं की त्या वेळी मला एवढं काही वाटलं नव्हतं, तरी ती नजर माझ्याविरुद्ध साक्ष देते. ज्याला आपण करतोय ते बरोबर वाटतं, तो रस्त्याकडे बघत नाही.

घरी आल्यावर शेजारच्यांनी विचारलं तेव्हा उत्तर आपोआप तोंडात आलं. "पडलेल्या फांदीवर होती. मेली असती, म्हणून आणली." दुसरं वाक्य पहिल्याहून वाईट. पहिल्यात चोरी झाकली होती, दुसऱ्याने चोरीला दया बनवलं. पत्नी पडवीत होती. तिने ऐकलं. रात्री जेवणं झाल्यावर तिने एकदाच विचारलं, "अहो, फांदी कुठे पडली होती?" मी काही बोललो नाही. तिने पुन्हा कधी विचारलं नाही. चारचौघांत मी तेच सांगत असलो की ती उठून आत जायची.

आणलेलं झाड मी कुंडीत लावलं. लाल माती, शेणखत, थोडं गांडूळखत. जास्वंदीला जे मानवतं ते सगळं दिलं. विज्ञानाच्या शिक्षकाला एवढं कळायला हवं होतं की जी मुळं आयुष्यभर वाऱ्यावर होती ती मातीत गुदमरणार. या मुळांवर स्पंजासारखं एक आवरण असतं, वेलामेन म्हणतात त्याला. त्यातल्या पेशी मेलेल्या, पोकळ असतात. कोरड्या असल्या की हवा भरलेली असते म्हणून मूळ चंदेरी दिसतं. पाऊस पडला की त्या पाणी शोषून घेतात आणि आतला हिरवा रंग दिसायला लागतो. हो, मुळंसुद्धा हिरवी असतात आणि उजेडात थोडंफार अन्न बनवतात. भिजायचं आणि वाऱ्यावर सुकायचं, पुन्हा भिजायचं आणि पुन्हा सुकायचं, हाच त्यांचा दिनक्रम. मी त्यांना अंधारात पुरलं आणि वर पावसाळा आला.

जुलैत पानं पिवळी पडली. गणपतीपर्यंत बुडखा मऊ झाला. उपटून पाहिलं तर मुळांची वरची साल हातात आली आणि आत नुसते दोरे उरले होते. मी झाड शेणकीत टाकलं. शाळेत सहकाऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "नाही जगली. फार नाजूक असते."

या 'नाजूक' शब्दापाशी मला थांबायचं आहे, कारण माझ्या सगळ्या खोटेपणाचं मूळ मला त्या शब्दात सापडतं. जंगलात हे झाड काय सोसतं ते बघा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत हे झाड फांदीवर उघडं असतं. मग दिवाळीनंतर थेट वळवापर्यंत जवळजवळ थेंब नाही. पायाशी माती नाही, साठवणीला कंद नाही. दव, धुकं आणि सालीवरून ओघळणारं पाणी, एवढ्यावर ते निभावतं. अशा जाड पानांच्या अनेक आमऱ्या दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतात आणि रात्री, हवा गार झाली की उघडतात. उन्हात ओल उडू नये म्हणून श्वासाची वेळसुद्धा बदललेली. जांभळावरची ती आमरी माझ्या हाती लागायच्या आधी असे किती उन्हाळे काढून बसली असेल. ती नाजूक नव्हती. माझ्या कुंडीत ती मेली आणि मी दोष तिच्या प्रकृतीला दिला. आपल्या हातून जे मरतं त्याला नाजूक म्हणून टाकलं की आपला हात सुटतो. वर्गात एखादा मुलगा मागे पडला की 'मुळातच कच्चा आहे' असं मी म्हणत आलो, तेही याच जातीचं वाक्य होतं, हे मला फार उशिरा दिसलं.

आता या गोष्टीतला सगळ्यात जड भाग.

त्या वर्षी नववीच्या वर्गात मी सहजीवन शिकवत होतो. आंब्यावरचं बांडगूळ आणि आंब्यावरची आमरी यांतला फरक समजावून सांगितला. बांडगूळ झाडाच्या आत मुळी घुसवून त्याचं पाणी घेतं. आमरी फक्त बसायला जागा घेते, झाडाचं काही खात नाही. आपल्याकडे लोक दोन्हीला बांडगूळच समजतात आणि आंब्यावरून खरवडून टाकतात. आमरीचं बी धुळीसारखं असतं, एका शेंगेत ते लाखांच्या घरात भरू शकतं. पण त्या बियात अंकुरासाठी शिदोरी नसते. योग्य बुरशी भेटली तरच ते रुजतं. १८९९मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाला हे उमगलं. लाखांतलं एखादं बी रुजतं आणि त्याला फूल यायला पुढे कितीतरी वर्षं जातात. हे सगळं मी रंगवून सांगितलं. आणि मग, मुलांचे डोळे लकाकलेले बघून, माझ्या त्या झाडाची गोष्ट सांगितली. पडलेल्या फांदीसकट.

पुढच्या जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर चार-पाच दिवसांनी, त्या वर्गातला एक मुलगा सकाळीच घरी आला. घाटाच्या पायथ्याच्या वाडीतला, अभ्यासात मध्यम, स्वभावाने भिडस्त. ओल्या गोणपाटात काहीतरी गुंडाळून आणलं होतं. खळ्यात बसून त्याने ते उलगडलं. सीतेच्या वेणीची तीन झाडं. एकावर फुलांचा गजरा अजून ओला होता.

"सर, तुमका आवडतत म्हणान हाडलंय."

मी विचारलं, "खय गावली रे?"

तेव्हा तो उभा राहिला. वर्गात उत्तर द्यायला उभं राहतात तसा. आणि मालवणी सोडून पुस्तकी मराठीत म्हणाला, "घाटात पडलेल्या फांदीवर मिळाली, सर."

मी झाडं हातात घेऊन बघितली. मुळांना सालीचे कपचे चिकटलेले होते. आतून लालसर, ओले. पडलेल्या, वाळलेल्या फांदीची साल अशी नसते. ती कशी सुटते हे मला माहीत होतं. वर्षभरापूर्वी मी स्वतः सोडवली होती. त्याने वाक्य माझं घेतलं होतं, शब्दान् शब्द, आणि कशासाठी घेतलं तेही उघड होतं. असं म्हटलं की विचारणाऱ्याचं समाधान होतं आणि पुढचा प्रश्न येत नाही, एवढं तो माझ्याकडून शिकला होता.

तिथे मला दोन वाटा होत्या. त्याला जवळ बसवून सांगता आलं असतं, "बाबा, ही पडलेली नाहीत. माझंही पडलेलं नव्हतं. मी चुकलो, तू चुकू नकोस." यात माझी अब्रू एका पंधरा वर्षांच्या मुलापुढे गेली असती, बस. दुसरी वाट म्हणजे मी जे केलं ते. मी म्हणालो, "शाबास." आणि त्याला चहा-खारी दिली.

तो शब्द मला परत घेता येत नाही. २८ वर्षांत मी हजारो वेळा शाबास म्हटलं असेल. त्यातलं हे एक माझ्या कानातून जात नाही.

त्या तिन्हींपैकी दोन झाडं त्याच पावसाळ्यात गेली. एक जगलं, आणि ते माझ्या हुशारीने जगलं असंही नाही. आमच्याकडे कवाथे शिंपायला, झाडं साफ करायला एक म्हातारे गृहस्थ यायचे. त्यांनी कुंडी बघितली आणि म्हणाले, "मास्तर, तेका वाऱ्यार ऱ्हवाची सवय. मातयेत कित्याक पुरलास?" त्यांनीच ते उपटून आंब्याच्या खोडाला टेकवलं, मुळांखाली नारळाच्या सोडणाचा एक पातळ तुकडा सरकवला आणि सुंभाने दोन वेढे घेतले. घट्ट नाही, पण वाऱ्याने हलू नये इतके. "हलला तर मूळ धरुचा नाय," म्हणाले. कोंभ सरळ आकाशाकडे न ठेवता जरा बाहेर कलता ठेवला, म्हणजे पानांच्या बगलेत पाणी साचून कुजणार नाही. जागाही त्यांनीच निवडली. पूर्वेचं अंग, सकाळचं कोवळं ऊन दोन-अडीच तास आणि दुपारी आंब्याची सावली.

पुढचं काम थोडं होतं. दिवाळीनंतर दिवसाआड सकाळी मुळांवर पाण्याचा फवारा, मार्च-एप्रिलात रोज. मुळं चंदेरी दिसली तर पाणी, हिरवी दिसली तर नाही, हा साधा नियम. पावसाळ्यात काहीच नाही. दुसऱ्या वर्षी एक नवं मूळ निघालं. टोकाला पोपटी, ओल्या सालीवर सरकत सरकत त्याने आंब्याच्या भेगेत जागा धरली. मग सुंभ कुजून गळून पडला तरी झाड हललं नाही. चौथ्या वर्षी, २०१४च्या मे महिन्यात, पहिला गजरा आला.

गावभर नाव झालं. सरांची सीतेची वेणी. एका स्थानिक कार्यक्रमात मला शाल-श्रीफळ मिळालं, निसर्गप्रेमी शिक्षक म्हणून. ती शाल मी घेतली. झाड मुलाने आणलेलं, जागा त्या गृहस्थांनी निवडलेली, मूळ चोरी माझी; आणि शाल माझ्या खांद्यावर.

या काळात मी मनाशी ज्या सबबी सांगत होतो त्याही मांडतो, कारण त्या माझ्या एकट्याच्या नाहीत. बागेत रमणाऱ्या पुष्कळांच्या तोंडी मी त्या ऐकल्या आहेत. जंगलात भरपूर आहेत, एकाने काय होतं? त्या वळणावर तरी मला एकच दिसली होती, आणि तीच मी घेतली. रस्ता रुंद होणार, झाड जाणारच होतं? ते मी घरी आल्यावर ठरवलं, तिथे उभा असताना असं काही माझ्या मनात आलं नव्हतं. मुलांना दाखवायला आणली? मुलांना घेऊन घाटात जाता आलं असतं. एसटीने पाऊण-एक तासाचा प्रवास आहे. आणि शेवटची, सगळ्यांत गोड सबब, की मी ती जगवली, माझं प्रेम होतं. चार झाडांपैकी तीन माझ्या खळ्यात मेली. प्रेम होतं हे मी नाकारत नाही. पण फुललेली आमरी बघून मला पहिल्यांदा जे वाटलं ते 'किती सुंदर' असं होतं आणि लगेच मागून जे वाटलं ते 'माझ्याकडे हवी' असं होतं. या दोन्हींमध्ये मला कधी फट दिसली नाही. ती बघायला शिकलो असतो तर मी गाडी पुढे घेतली असती.

अभ्यासाच्या नावाने मनाची समजूत घालणाराही मी पहिला नाही. जोसेफ डाल्टन हुकर हे फार मोठे वनस्पतीशास्त्रज्ञ. भारताच्या वनस्पतींचा कुठलाही अभ्यास त्यांच्या ग्रंथांशिवाय होत नाही. १८५०मध्ये ते खासी टेकड्यांत होते. तिथे त्यांना निळी वांडा भेटली. ही वांडासुद्धा आमरीच; तिच्या शास्त्रीय नावातला 'वांडा' हा शब्द संस्कृत 'वंदा'वरून आला आहे. इंग्लंडच्या क्यू उद्यानासाठी त्यांनी तिची सात माणसांची ओझी भरतील इतकी झाडं गोळा केली. त्यांतली फारच थोडी जिवंत पोचली. हे त्यांनी आपल्या प्रवासवर्णनात स्वतःच लिहून ठेवलं आहे. शिवाय असंही लिहिलं आहे की त्यांच्याबरोबर माळी पाठवणाऱ्या एका गृहस्थाचं एकच ओझं, वाईट अवस्थेत पोचूनही, ३०० पौंडांना विकलं गेलं. त्या काळी खासी आमऱ्यांमध्ये किती पैसा आहे याचा हिशोबही ते मांडतात. आज निळी वांडा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. हुकरांची सात ओझी आणि माझ्या डिकीतलं एक झाड यांत संख्येचा फरक आहे. हात तोच. एका बाबतीत मात्र ते माझ्या वर आहेत. त्यांनी जे केलं ते केलं म्हणून लिहिलं. पडलेल्या फांदीची गोष्ट रचली नाही.

आणि आज तर कुणालाच जंगलात हात घालायची गरज नाही. १९२२मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या लुईस नडसन यांनी दाखवून दिलं की आमरीचं बी साखर घातलेल्या अगारवर, बाटलीत, बुरशीशिवायही रुजवता येतं. बर्नार यांनी सांगितलेली जी शिदोरी बुरशी देते ती साखरेने दिली. दुकानात मिळणाऱ्या रंगीत आमऱ्या आज बहुतेक अशाच बाटल्यांतून किंवा ऊती संवर्धनातून वाढवलेल्या असतात. निवृत्तीच्या दिवशी मुलींनी मला फॅलेनॉप्सिसची कुंडी दिली, फुलपाखरासारखी पांढरी फुलं असलेली. ती मी पडवीच्या छपराखाली टांगली आहे. तिला आमच्या उन्हाचा थेट झोत सोसत नाही. पावसाची झड पानांच्या मध्यात शिरली तर ती दोन दिवसांत कुजते. आणि जानेवारीत रात्री जरा गारवा आला तरच तिला फुलांचा दांडा येतो. तिची काळजी मला सीतेच्या वेणीपेक्षा जास्त घ्यावी लागते. पण ती कुठून आली हे मी कुणालाही डोळ्यांत बघून सांगू शकतो.

गेल्या वर्षी मी त्या मुलाला फोन केला. आता तिशीचा झालाय, गोव्यात नोकरी करतो. नंबर मिळवायला वेळ लागला नाही. फोन करायला लागला. मी सगळं सांगितलं. फांदी पडलेली नव्हती. तुझी पडलेली नव्हती हेही मला कळलं होतं. आणि तरी मी शाबास म्हणालो.

तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, तुम्ही शाबास म्हणालात म्हणून मी परत गेलो होतो. दोन मे महिने. वीस-पंचवीस काढली असतील. घाटात गाड्या थांबायच्या, लोक पन्नास-शंभर रुपये द्यायचे. वहीपेनाचे पैसे सुटायचे." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादी जुनी आठवण सांगावी तसं तो सांगत होता. मग म्हणाला, "विचारलं तर काय सांगायचं ते मला पाठ होतं."

म्हणजे माझ्या नावावर चारच झाडं नाहीत. वीस-पंचवीस आणखी आहेत. रोख घेतलेली त्याने, पण उधारी माझी.

त्या दिवसापासून मी उत्तर बदललं. आता कुणी विचारलं की सांगतो, जंगलातून काढून आणलेली आहे, आणायला नको होती. काही जण गडबडतात, काही विषय बदलतात. एकाने विचारलं, मग परत नेऊन का लावत नाही? मी त्याचा विचार केला. पंधरा वर्षांत तिच्या मुळांनी आंब्याच्या सालीत घर केलं आहे. पुन्हा उचकटलं तर पुन्हा तेच होईल. ती इथेच राहील. फुलं मी तोडत नाही, देवालाही वाहत नाही. कधी शेंग धरलीच तर ती झाडावरच पिकून फुटू देतो. आजवर दोनदा फुटली. बी वाऱ्यावर गेलं. आंब्याच्या फांद्या मी भिंग घेऊन बघतो. अजून एकही रोप दिसलेलं नाही.

तुमच्यापैकी ज्यांना खळ्यात, गच्चीत, आंब्या-फणसावर आमरी वाढवायची आहे त्यांनी जरूर वाढवावी. आपली हवा तिला मानवते. पण बाजारात कुणी कुंडीशिवाय, फडक्यात गुंडाळलेली झाडं विकत असेल, मुळं तुटकी असतील, त्यांना सालीचे तुकडे किंवा रानातलं शेवाळ चिकटलेलं असेल, तर ती घेऊ नका. कितीही स्वस्त मिळाली, कितीही दया आली तरी. पैसे मोजले की पुढच्या मे महिन्यात तो माणूस परत घाटात जातो. खरोखरच वादळात पडलेली फांदी दिसली, तर त्यावरची आमरी तिथल्याच जवळच्या उभ्या झाडाला सुतळीने बांधा आणि पुढे चला. आणि तुमच्या घरी आधीच आणलेली असेल, तर मुलांना ती कुठून आणली ते खरं सांगा. झाडापेक्षा वाक्य लवकर रुजतं.

यंदाच्या मे महिन्यात मी आणि पत्नी त्या वळणावर जाऊन आलो. जांभळाचं झाड उभं आहे. जिथली साल निघाली होती ती जागा भरून आली आहे. कडेने जाड, मध्ये गुळगुळीत. बोट फिरवलं तर कळते. तिथे सीतेची वेणी नाही. झाडाच्या इतर फांद्याही आम्ही दोघांनी खालून नीट पाहिल्या. तिथेही नाही.